नाकाजवळची फट

चष्म्यावर वाफ धरते म्हणून नाक उघडे ठेवणारा माणूस मास्क लावत नाही, हनुवटी झाकतो. जिंतूरच्या बसस्थानकापासून सरकारी दवाखान्याच्या ओपीडीपर्यंत अशा हनुवट्या भरपूर दिसतात. विचारले की उत्तर तयार असते: "नाक झाकलं की दिसना, अन् दिसायला लागलं की नाक उघडं. करावं काय?"

तक्रार शंभर टक्के खरी आहे. तिला हसणाऱ्यांचा मला राग येतो. माणसाला डोळे आणि श्वास यांतले एक निवडायला लावले तर तो डोळेच निवडणार. समोरून ट्रक येतो आहे की जीप, हे आधी कळायला हवे. 2020 साली करोनामुळे राज्य सरकारने मास्क सक्तीचा केला, न लावणाऱ्यांकडून दंड वसूल केला, आणि 2022 च्या गुढीपाडव्याला सक्ती उठवली. या दोन वर्षांत 'मास्क लावा' हे शब्द भोंग्यावरून, भिंतीवरून, फोनच्या कॉलर ट्यूनमधून कानी-डोळी पडले. चष्मा असलेल्याने तो कसा लावायचा, हे मात्र फारच थोड्यांनी समजावून सांगितले.

त्याची झळ कोणाला बसली असेल, याचा विचार करा. 15 सप्टेंबर 2020 पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राज्यभर सुरू झाली. आशाताई आणि त्यांच्यासोबतची पथके दारोदार जाऊन ताप मोजत होती, ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडा वहीत उतरवत होती. चाळिशीचा चष्मा लागलेली बाई, तोंडावर मास्क, काचेवर धुके आणि समोर नखाएवढ्या पडद्यावर लुकलुकणारे आकडे. 95 आणि 85 यांत एका अंकाचा फरक आहे, पण तेवढ्यावर माणूस घरी ठेवायचा की दवाखान्यात हलवायचा हे ठरते. तिच्या हातात ऑक्सिमीटर देणाऱ्या यंत्रणेने सोबत नाकाला नीट बसणारा मास्क आणि दोन ओळींची सूचनाही द्यायला हवी होती.

आता ही वाफ येते कुठून ते पाहू. आपला उच्छ्वास साधारण 34 अंशांचा असतो आणि पाण्याच्या वाफेने भरलेला असतो. मास्क लावला की हा श्वास समोर मोकळा जात नाही, सोपी वाट शोधतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या वर, जिथे कापड आणि कातडी यांत फट राहते तिथून तो वर निघतो आणि थेट काचेवर आदळतो. काच थंड असली की वाफेचे बारीक थेंब होतात. गार पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसेच हे. म्हणूनच मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना उन्हात उभ्या माणसाची काच श्वासापेक्षा गरम असते आणि वाफ धरत नाही. परभणीकडची थंडी मात्र पारा एक आकड्यावर आणणारी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे घराबाहेर पडलेल्या चष्मेवाल्याला दुसऱ्या श्वासाला जग दिसेनासे होते.

म्हणजे काचेवरची वाफ काय सांगते? नाकाजवळ फट आहे, एवढेच सांगते. जी हवा वर येऊन काच धूसर करते, ती गाळल्याशिवाय बाहेर पडलेली हवा असते. आणि ज्या वाटेने ती बाहेर जाते, त्याच वाटेने बाहेरची हवा आत येते. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये उडणारी धूळ, मोंढ्यात तुरीचे पोते रिकामे करताना उठणारा भुरका, शेजारच्या बाकावरचा खोकला, सगळे त्याच फटीतून. चष्मेवाल्याला हे निदान फुकट मिळते. बिनचष्म्याच्या माणसाची फट तशीच राहते आणि त्याला पत्ताही नसतो.

फट बुजवायला पैसे लागत नाहीत. चांगल्या मास्कच्या वरच्या कडेत तार असते. ती एका हाताच्या चिमटीने दाबायची नाही. चिमटीने नाकावर टोक उभे राहते आणि दोन्ही बाजूंना बोगदे तयार होतात. दोन्ही हातांची बोटे नाकाच्या मधोमध ठेवून बाहेरच्या बाजूला, गालापर्यंत दाबत न्यायची. मास्क नाकावर जमेल तितका वर घ्यायचा आणि चष्मा त्याच्या कडेवर टेकवायचा, म्हणजे चष्म्याच्या वजनाने कापड दाबून बसते. कानाची नाडी सैल असेल तर तिला मास्कच्या कडेजवळ गाठ मारायची आणि बाजूची चुणी आत खोचायची. तरी हवा येत असेल तर दवाखान्यात वापरतात ती कागदी चिकटपट्टी नाकावर आडवी लावावी. ऑपरेशन करणारे डॉक्टर हेच करतात. आणि दाढीवाल्यांना सांगायला हवे की दाट दाढीवर एन-95 बसत नाही, कितीही महागाचा घ्या.

साबणाचा उपाय याच्या नंतरचा. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात 2011 साली दोन डॉक्टरांनी तो मांडला: मास्क लावण्याआधी चष्मा साबणाच्या पाण्यात बुडवावा, झटकावा आणि हवेवर वाळू द्यावा. साबणाचा पातळ थर पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. थेंब गोळा होण्याऐवजी पाणी काचेवर सपाट पसरते आणि आरपार दिसते. भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब पुरतो. असर काही तासांचा असतो, पुढल्या दिवशी पुन्हा धुवायचे. टूथपेस्ट चोळू नका, तिच्यातल्या बारीक कणांनी काचेचे कोटिंग खरवडते. राखेचेही तेच.

पण इथे माझे मत ठाम आहे. फट तशीच ठेवून नुसता साबण किंवा बाटलीतला 'अँटी-फॉग' फवारा मारणे ही स्वतःची फसवणूक आहे. त्याने साक्षीदार गप्प होतो, चोरी चालूच राहते. आधी तार, मग साबण. तार सोडून नुसता साबण लावलात तर दिसेल छान आणि छातीत जाईल सगळेच. बाहेर हवा सोडणारा झडपेचा मास्कही असाच. काच स्वच्छ राहते, पण तुमचा खोकला गाळल्याशिवाय शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो. केंद्राच्या आरोग्य विभागाने जुलै 2020 मध्येच असे मास्क वापरू नका म्हणून राज्यांना कळवले होते.

आता शेताकडे चला, कारण जिंतूर तालुक्यात या प्रश्नाचे सर्वांत भयंकर रूप कपाशीच्या ओळींत आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. पीक डोक्याच्या उंचीला गेले होते आणि फवारा अंगावर येत होता. तेव्हापासून 'गॉगल, मास्क, हातमोजे वापरा' हा सल्ला दर हंगामात दिला जातो. बरोबरच आहे तो. पण भाद्रपदाच्या दमट उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन गॉगल आणि मास्क एकत्र लावून बघा. पाच-दहा मिनिटांत समोरची ओळ दिसत नाही. मग माणूस काय करतो? हातमोजा घातलेल्या, औषधाने भिजलेल्या हातानेच काच पुसतो, किंवा गॉगल कपाळावर चढवतो. विष डोळ्यांपर्यंत पोहोचवायची याहून सोपी रीत नाही. अशा माणसाला निष्काळजी म्हणणाऱ्याने आधी तासभर पंप उचलावा.

फवारणीचा मास्क वेगळा हवा हेही सांगून ठेवतो. कापडी मास्क, दस्ती, गळ्यातला रुमाल औषधाच्या वाफा अडवत नाहीत, उलट भिजून त्या नाकाशी धरून ठेवतात. गाळणीची डबी असलेला, रबरी कडेचा मास्क आणि बाजूला आडोशाची छिद्रे असलेला गॉगल ही जोडी बरीच कमी धुके धरते, कारण श्वास डोळ्यांकडे चढत नाही. गॉगल आतून साबणाने धुऊन वाळवला तर आणखी बरे. पुसायचाच असेल तर धुऱ्यावर या, हातमोजे उतरवा, हात धुवा, मग स्वच्छ फडक्याने पुसा.

तेव्हा ज्यांच्या हातात आहे त्यांना थेट सांगणे. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी औषधाच्या डब्यासोबत गॉगल विकताना छिद्रे दाखवून द्यावीत. चष्मा मास्कच्या कडेवर नीट टेकावा म्हणून चष्म्याच्या दुकानदारांनी त्याच्या नाकाच्या गाद्या दोन मिनिटांत बसवून द्याव्यात, त्याचे पैसे मागू नयेत. ज्या बचत गटांच्या महिलांनी करोनात रात्रंदिवस कापडी मास्क शिवले, त्यांच्याकडून पुढे कधी मास्क घ्यायचे झाले तर घेणाऱ्याने तारेचे पैसे आधी द्यावेत. आणि तुम्ही, वाचणारे: औषधाच्या दुकानात मास्क घ्याल तेव्हा वरची कड बोटांनी चाचपून पाहा. तार लागली नाही तर तो मास्क तिथेच परत करा.