बंदुकीची राखण

वर्तमानपत्रात अधूनमधून ती बातमी येतेच : बंदूक साफ करताना गोळी सुटली. आमचे आप्पा ती घरभर ऐकू जाईल अशी वाचतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि निकाल देऊन मोकळे होतात, "साफ करी नव्हतो तो. उघडून बघूक नाय, तो साफ काय करतलो?" भरलेली बंदूक साफ होत नाही, तिचा फक्त बार होतो, हे आप्पांचं मत मला अजून खोडून काढता आलेलं नाही.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. सिंधुदुर्गातल्या त्यांच्या घरी बारा बोअरची, दोन नळ्यांची काडतुसाची बंदूक आहे. परवाना शेतीसंरक्षणाचा. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या डोळ्यांपुढे त्यामुळे आप्पा रानडुकराच्या छातीवर पाय देऊन उभे असतात. वस्तुस्थिती अशी, की 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीवाचून डुकराला मारणं गुन्हा आहे. परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नव्हे. मग बंदुकीला काम उरतं ते आवाज करण्याचं, आणि खडकीच्या कारखान्यातलं विकतचं काडतूस नुसत्या आवाजासाठी उडवणं आप्पांच्या जिवावर येतं. तेव्हा ते मळ्यात जाऊन डबा वाजवतात. बंदूक घरात असते. तिची राखण आम्ही करतो.

न उडवलेली बंदूक साफ कशाला करायची, असं विचारणाऱ्याने जुलै महिना आमच्याकडे काढावा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चपलांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी खिशात घेऊन झोपावं लागतं. पोलादाला गंज चढायला पाऊसही लागत नाही; बोट लागलं तरी घामातलं मीठ पुरतं. चार दिवसांनी त्या जागी तांबूस अंगठा उमटतो. पावसाळ्यात बंदूक कोणी हाताळली हे शोधायला आमच्याकडे ठसेतज्ज्ञ लागत नाही.

तर हा सोहळा रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. आधी काडतुसांचा डबा माजघरातल्या कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली काकूच्या कमरेला. मग ओटीवर जुनी चादर. आप्पा वरचा खटका अंगठ्याने सरकवतात, नळ्या बिजागरीतून खाली वाकतात, आणि ते दोन्हींतून आळीपाळीने उजेडाकडे बघतात. मग बोट घालून चाचपतात. मग पुन्हा बघतात. "आप्पा, सकाळीच बघितलीत ना?" असं मी एकदा म्हटलं. "सकाळी बघलंय ती सकाळची," आप्पा म्हणाले. परवाना त्यांच्या नावावर असल्याने बंदुकीला हात फक्त त्यांचा. बाकीच्यांनी चिंध्या फाडायच्या, बॅटरी धरायची आणि मतं आपल्यापाशी ठेवायची.

नळीच्या खालचं लाकूड काढलं की नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात. गजाला तारेचा ब्रश लावून तो मागून पुढे घालायचा, म्हणजे घाण तोंडाने बाहेर पडते, खटक्यांच्या बाजूला जात नाही. ब्रशनंतर चिंधी. पहिली काळी निघते, दुसरी करडी, आणि पांढरी पांढरीच बाहेर येईपर्यंत आप्पा थांबत नाहीत. न उडवलेल्या बंदुकीतून काळी चिंधी कशी निघते, हे कोडं मला सुटलेलं नाही; ते मागच्या वेळचं तेल असतं, असं आप्पा म्हणतात. म्हणजे आम्ही तेल लावतो ते पुढच्या वेळी काढायला काहीतरी असावं म्हणून.

या चिंध्या आजोबांच्या धोतराच्या. कॉलेजात एनसीसीत असताना रायफलच्या पुलथ्रूला लावायची चिंदी चार बाय दोन इंचांची असते, असं आम्हाला शिकवलं होतं. ते ज्ञान मी एकदा ओटीवर पाजळलं. आप्पांनी गज खाली ठेवला. थ्री-नॉट-थ्रीची नळी एक तृतीयांश इंचाचीही नाही आणि बारा बोअरची पाऊण इंचाला टेकलेली. तुमची चिंदी हिच्यात फिरायला गेल्यासारखी जाईल, म्हणाले. मग बोअरचं व्याख्यान झालं, जे दरवेळी होतंच : एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक. आकडा वाढतो आणि माल कमी होतो, हे काकूला ताबडतोब पटतं. घरात किराणा तीच आणते.

खरा तंटा तेलाचा. शेजारचे भाऊ दरवेळी कुंपणावरूनच खोबरेल सुचवतात. कोकणात खोबरेल डोक्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळीकडे चालतं, तर बंदुकीनेच काय घोडं मारलंय? आप्पांचं उत्तर तयार असतं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. डिसेंबरच्या पहाटे डुक्कर मळ्यात आणि चाप गोठलेला. मग काय करायचं, डुकराला ऊन पडल्यावर या म्हणून सांगायचं? पुण्याच्या एका भाच्याने फवारणीचा डबा आणला होता, कुलपापासून सायकलपर्यंत सगळ्याला चालणारा. तो आता सायकललाच वापरतात.

शेवटी मान शिवणयंत्राच्या तेलाचा. पातळ, न थिजणारं, न चिकटणारं. अडचण एवढीच, की ती बाटली काकूच्या शिवणयंत्राच्या खणात असते आणि काकूला तिची पातळी पाठ असते. मात्र तिच्या या पाळतीमुळे बंदुकीचं भलं झालंय. कारण नवशिके बंदुकीला तेल लावत नाहीत, पाजतात. जादा तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड नरम पडतं. आत कमानींवर धूळ धरून त्याची खळ होते. आप्पा चिंधीवर चार थेंब घेतात, नळ्यांना आतून-बाहेरून पुसतात आणि कोरड्या चिंधीने पुन्हा पुसून काढतात. बोटाला ओशट लागावं, डोळ्याला दिसू नये. बिजागरीच्या खिळीला कणभर ग्रीस, दस्त्याला जवसाचं तेल. रात्री बंदूक तोंड खाली करून कपाटात उभी राहते, म्हणजे चुकून राहिलेलं तेल लाकडाकडे न जाता बाहेर पडतं.

हे लाड कमीच म्हणायचे. आजोबांच्या वेळी ठासणीची बंदूक होती. तिची काळी दारू म्हणजे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. एक बार काढला की नळीत जी राख उरते ती हवेतला ओलावा ओढून घेते, आणि आमच्या हवेत ओढायला ओलावा कमी पडत नाही. त्याच दिवशी धुतली नाही तर नळी गेली. या राखेला तेल चालत नाही, कढत पाणीच लागतं. पाण्याने राख विरघळते आणि नळी इतकी तापते की आपली आपणच वाळते. त्यामुळे रात्री बार झाला, की पहाटे बंबातलं पहिलं पाणी बंदुकीला. आजी म्हणे, "ह्या घरात न्हाण आधी तिचा, मगे माझा." आजोबांनी याचा इन्कार केल्याचं ऐकिवात नाही.

आता काकू वचपा काढते ती खंडेनवमीला. आप्पांनी आरशासारखी केलेल्या नळीवर ओली हळद, त्यावर कुंकू, वर झेंडूचं फूल. देवापुढे बोलता येत नाही म्हणून आप्पा नमस्कार करून चिंधी हातात घेऊनच बसतात. आरती संपते न संपते तोच ते देवीचा प्रसाद पुसायला लागतात.

2024 साल मात्र बंदुकीला सोसलं नाही. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, नोटीस आली, बंदूक पोलीस ठाण्यात जमा. झाडावर काजू आणि काजूवर माकडं. निकाल 4 जूनला. बंदूक घरी आली तेव्हा पाऊस ओटीपर्यंत आला होता. पुढे 12 ऑक्टोबरला दसरा झाला, हळद नीट पुसूनही झाली नव्हती, तोच 15 तारखेला विधानसभेची आचारसंहिता. भात कापणीला आलेलं. बंदूक पुन्हा ठाण्यात, आणि रानडुकरं आमच्या मळ्यातून बिनविरोध निवडून आली. परत मिळालेल्या बंदुकीच्या नळीवर डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी होती आणि चिठ्ठीशेजारी स्पष्ट, तांबूस, कुणाचा तरी सरकारी अंगठा. ठाण्याचं नाव घेत नाही. निवडणुका पुढेही आहेत.

तो अंगठा काढता काढता आजोबांचं शेवटचं धोतर संपत आलं. आप्पा लुंगी नेसतात, पण ती रंगीत. तिच्यावर घाण किती निघाली ते कळत नाही. वाचकांपैकी कुणाकडे जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं, पांढरं सुती धोतर असेल तर कृपया कळवावं. जरीकाठी नको. जर नळीत अडकते.