‘अर्जंट’ प्रश्नकर्त्यास अनावृत पत्र

सन्माननीय प्रश्नकर्ते,

स. न. वि. वि.

‘मराठी नीट दिसत नाही. अर्जंट. प्लीज हेल्प सर,’ हा आपला मजकूर पोचला. सोबत मोबाइलवर काढलेला पडद्याचा तिरका फोटोही मिळाला. त्यात ट्यूबलाइट उत्तम आली आहे. ‘प्लीज’ आहे, ‘सर’ आहे, तेव्हा शिष्टाचारात कसूर नाही, असा आपला समज दिसतो. पण जिथे सॉफ्टवेअर लिहिणारे आणि शंका फेडणारे दोघेही बिनपगारी, तिथे शिष्टाचार आर्जवावर मोजत नाहीत. शोधाशोध आपण किती केलीत आणि किती दुसऱ्याच्या गळ्यात घातलीत, यावर मोजतात. प्रोग्रॅम कोणता, आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, हे सगळं त्यानेच खोदून विचारायचं आणि वर घाई आपली!

बिघाड काय असू शकतो ते पाहा. ‘दऱ्या’ हा शब्द दुसरीकडे चिकटवला की ‘दर्या’ होतो. सह्याद्रीत एकदम समुद्र. युनिकोडमध्ये हा अर्धा ऱ दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह. वाटेत एखाद्या प्रोग्रॅमने हे चिन्ह गाळलं की उरतो रफार. जे पडद्यावरच दिसत नाही, ते फोटोत कुठून येणार? मूळ शब्द आणि बिघडलेला शब्द मजकूर म्हणून पाठवले असते, तर जाणकाराने त्यांचे संकेतांक लगेच ताडून पाहिले असते.

‘मी नवखा, काय सांगायचं तेच कळत नाही,’ असं आपण म्हणाल. ‘पटी’ या प्रोग्रॅमचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये दोष कसे कळवावेत यावर लेख लिहिला. काय केलं आणि काय दिसलं ते जसंच्या तसं सांगा, हा त्यांचा मुख्य आग्रह. त्याला विद्वत्ता लागत नाही. उलट अर्धवट जाणणाराच जास्त छळतो: मूळ दुखणं लपवून स्वतःच ठरवलेल्या औषधाची मात्रा तेवढी विचारतो.

जाणकार उर्मट असतात, ही आपली तक्रार मात्र खरी आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना २०१८ मध्ये आपल्या कठोर ईमेलबद्दल जाहीर माफी मागावी लागली. पण उत्तर देणारा कितीही गोड बोलला, तरी आपली आवृत्ती त्याला स्वप्नात दिसत नाही.

शिवाय प्रश्न सुटला की आपण ‘झालं, थँक्स’ लिहून गुप्त होता. कसं झालं, हे गुलदस्त्यातच. पुढच्या ‘दर्या’त पडलेल्याने ते वाचून बाहेर यावं, अशी सोय होती, तीही गेली.

कळावे, लोभ असावा. सोबत आवृत्ती क्रमांकही असावा.

आपला,
एक बिनपगारी ‘सर’