टक वाजलं पायजे

धामणगाव बढे इथं कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाच्या गल्ल्यात काय असावं? उधारीची वही, बियाण्याच्या कंपनीनं दिलेलं पेन, फार तर अडकित्ता. आमच्या भाऊंच्या गल्ल्यात 'याशिका इलेक्ट्रो ३५' असतो. कपाशीवर काय फवारू, असं विचारत आलेल्या माणसाच्या कानाला भाऊ आधी तो कॅमेरा लावतात आणि चावी ओढतात. "वाजलं का टक?" वाजलं म्हटलं तर औषध मिळतं. नाही म्हटलं तर परत ऐकावं लागतं.

त्या टकमागे शास्त्र आहे, हे मान्य करायला हवं. १९६६ साली जपानात निघालेल्या या कॅमेऱ्याच्या आत एका दांडीशी रबराचा इवलासा तुकडा असतो. वय झालं की त्याचा भुगा होतो, टक बंद पडतं आणि उजेडाचं सगळं गणित कोलमडतं. म्हणून जुना इलेक्ट्रो आधी ऐकायचा आणि मग पाहायचा.

भाऊंचा जीव फक्त रेंजफाइंडरवर, तोही स्वस्तातल्या. लायकाचं नाव काढलं की म्हणतात, "ते मालदाराचं काम हाय बाप्पा." मुंबईच्या दिलीश पारेख यांनी चार हजारांवर कॅमेरे जमवून गिनीज बुकात नाव लावलं, त्यांचं नाव घेताना मात्र कानाची पाळी पकडतात. भाऊंकडे दोन इलेक्ट्रो, एक कॅनोनेट, एक रशियन झोर्की आणि एक मिनोल्टा हाय-मॅटिक. हाय-मॅटिक पाहुण्यांच्या हातात देण्याचा विधी ठरलेला आहे. "जॉन ग्लेन, १९६२. पृथ्वीभोवती फिरून आला. संगं कोणता कॅमेरा? हा! वरचं नाव येगळं, आतून हाच. अन् घेतला कुठून? दवाईच्या दुकानातून. चाळीस डॉलर." पाहुणा हाय-मॅटिक चहाच्या कपापासून लांब धरून बसतो.

खरेदीला भाऊ मलकापूरहून रात्रीची गाडी धरून मुंबईच्या चोर बाजारात जातात, शुक्रवार साधून. एरवी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांतून निवृत्त होणारी बिऱ्हाडं आणि बंद पडत चाललेले फोटो स्टुडिओ यांच्यावर नजर असते. बोहारणीलाही सांगून ठेवलंय. घासाघीस पाहण्यासारखी असते. कॅमेऱ्याकडे ढुंकून बघायचं नाही. आधी इस्त्रीचा भाव, मग रेडिओचा, आणि निघता निघता, "अन् हे डबडं कितीले?" तेच डबडं घरी आलं की त्याला मखमली फडकं मिळतं. मुंबईचा माल असेल तर भाऊ भिंगातून उजेडाकडे पाहत हळहळतात, "बुरशी लागली." दुकानात बुरशीनाशकाच्या बाटल्यांची रांग असते, पण भिंगाच्या बुरशीवर त्यातलं एकही औषध चालत नाही, हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं दुःख आहे.

इलेक्ट्रोची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. भाऊ घड्याळजीकडून बटन सेल आणतात, चार एकावर एक रचून पुठ्ठ्याच्या नळीत घालतात आणि उरलेल्या जागेत बॉलपेनची स्प्रिंग बसवतात. घरात लिहायला पेन सापडत नाही ते त्यामुळे.

फोटो काढून घेणं हा वेगळाच योग. खिडकीतून पाहिलं की मधल्या पिवळट चौकोनात सगळं दुहेरी दिसतं. भिंगाचं कडं फिरवून त्या दोघांचं एक करायचं. "थांब, तुहे दोन नाकं एक होऊ दे," असं म्हणत भाऊ कडं फिरवतात, तोवर हसू मावळतं, पोरगं रडायला लागतं. रोहिणखेडची जुनी मशीद हा त्यांचा सगळ्यात आवडता विषय आहे. ती हलत नाही.

पुतण्याच्या साक्षगंधात झोर्कीनं अख्खा रोल काढला आणि नंतर कळलं, भिंगाचं झाकण लावलेलंच होतं. रेंजफाइंडरात पाहायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारं भिंग वेगळं. खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. भाऊंनी सोयऱ्यांना हे तंत्र चित्र काढून समजावलं. नवरीच्या मामांना ते पटलं नाही.

फिल्म धुणंही घरीच. डी-७६ नावाच्या द्रावणात दर लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. यातला टाकणखार गावातच मिळतो, याचा भाऊंना केवढा अभिमान! द्रावण हवं २० अंशाला, आणि घाटाखालचा मे महिना म्हणजे नळालाही कढत पाणी. मग रसवंतीतून बर्फ येतो, डेअरीतून थर्मामीटर येतो. रात्री लाइट गेली की गाव कपाळाला हात लावतं, भाऊ मात्र गोधडीत शिरून आनंदानं रोल रिळावर चढवतात.

हा छंद स्वस्त आहे, यावर त्यांचा अजून विश्वास आहे. उटीला 'इंदू' फिल्म निघायची ते दिवस गेले. रंगीत रोल हजाराच्या घरात गेलाय, म्हणजे एकेक खटका तिसेक रुपयांचा. म्हणून खटका दाबताना भाऊंचा हात आखडतो. "फोटो कवा देता?" "रोल संपू दे." छत्तीसचा रोल संपेस्तोवर पहिल्या फोटोत रांगणारा नातू शेवटच्या फोटोत दप्तर घेऊन उभा असतो.

यंदा त्याच्या जावळाचे फोटो अडकले, कारण तीन खटके शिल्लक होते. भाऊ मलकापूरला गेलेले पाहून वहिनींनी कॅमेरा उचलला आणि तिन्ही गोठ्यातल्या म्हशीवर संपवले. रोल धुतला. जावळाच्या फोटोंत पोरगं पुसट, न्हावी पुसट. म्हशीच्या मात्र पापण्या मोजून घ्याव्यात.

"फोकस कसा केला तुनं?" भाऊंनी हळूच विचारलं.

"दोन म्हशी दिसून राह्यल्या होत्या. एक केली अन् दाबलं," वहिनी भाकरी थापत म्हणाल्या. "त्यात काय येवढं?"

त्यानंतर आठवडाभर भाऊंनी जॉन ग्लेनचं नाव काढलं नाही.