वरच्या खोलीतली टांकसाळ

"वैशाली, अगं जरा कुंपणापाशी ये. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही."

"काय झालं काकू?"

"तुझा भाचा वरच्या खोलीत नाणी पाडतो म्हणे. बटण दाबलं की पन्नास बिटकॉइन! आमच्या रखमानं तुमच्याकडं फरशी पुसताना स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी जन्मभर कॅशियर होते बाई, असलं काही ऐकलं की माझ्या छातीत धडधडतं."

"पन्नास ऐकलं ते खरंय. त्यापुढचं तिनं ऐकलं नाही. त्या पन्नासात एक वडापावसुद्धा यायचा नाही."

"मग नाणी तरी कसली ती?"

"सरावाची. हे बघा, बिटकॉइनची खातेवही कुठल्या एका बँकेत नसते. जगभर हजारो कॉम्प्युटरवर तीच वही असते, त्या एकेकाला नोड म्हणतात. कुणाकडून एखादा व्यवहार कळला की नोड आधी स्वतः तपासतो. सही बरोबर आहे का, तेच पैसे आधी कुठं खर्च झालेत का. पटलं तरच पुढच्या नोडला सांगतो. खोटं निघालं तर तिथंच गप्प."

"मग आपल्या कॉलनीत त्याचा निभाव लागायचा नाही."

"तेच म्हणते मी! तर प्रथमेशनं हाच नोड लॅपटॉपवर टाकलाय. बिटकॉइन कोअर म्हणून प्रोग्रॅम आहे, फुकट मिळतो. पण त्यानं तो रेगटेस्ट मोडमध्ये चालू केलाय. म्हणजे बाहेरच्या कुणाशी संबंध नाही, वही कोरी, आणि वहीचं नवं पान, म्हणजे ब्लॉक, कधी काढायचं ते हा ठरवणार. खऱ्या जाळ्यात एक ब्लॉक यायला सरासरी 10 मिनिटं लागतात. इथं हुकूम सोडला की आलाच. काल चहा द्यायला गेले, तर काळ्या पडद्यावर आकड्या-अक्षरांच्या लांबच लांब ओळी भराभर उतरत होत्या. 101 ब्लॉक काढले म्हणाला, दर ब्लॉकला 50 बक्षीस."

"पाच हजार पन्नास," काकूंनी तोंडी हिशेब केला.

"मीही तेच म्हटलं. शिल्लक बघतो तर फक्त 50!"

"आणि पाच हजार कुठं गेले?" काकू एकदम काउंटरवर बसल्यासारख्या ताठ झाल्या.

"गेले नाहीत, पिकायचेत. बक्षिसाच्या ब्लॉकवर आणखी 100 ब्लॉक चढल्याशिवाय ते पैसे खर्चता येत नाहीत. 101 झाले तेव्हा पहिल्या ब्लॉकचे 50 मोकळे झाले. खऱ्या बिटकॉइनचाच नियम आहे हा, म्हणून तर सरावातही तसाच ठेवलाय."

"खऱ्यातही पन्नासच मिळतात?"

"2009 मध्ये मिळायचे. दर 2,10,000 ब्लॉकला निम्मे होत होत एप्रिल 2024 मध्ये 3.125 वर आले. रेगटेस्टमध्ये 150 ब्लॉकला निम्मे होतात. खऱ्यात ज्याला चार वर्षं थांबावं लागतं, ते इथं चहा गार व्हायच्या आत तपासून होतं."

"पण हे सगळं कशासाठी? पोरगा दिवसभर खोटे पैसे खेळत बसतो, त्याचा पगार कोण देतं?"

"दुकानदारांना बिटकॉइनमध्ये पैसे घेता यावेत असं सॉफ्टवेअर करतात ते. आता बघा, त्यानं एकाच लॅपटॉपवर दोन नोड चालू केले, वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या पोर्टवर. दोघांची ओळख करून दिली, वह्या जुळल्या. मग मुद्दाम दोघांचं बोलणं तोडलं. एकाकडं तीन ब्लॉक काढले, त्यातल्या एकात दुकानदाराला पैसे दिल्याची नोंद. दुसऱ्याकडं चार काढले, त्यात ती नोंद नाही. पुन्हा जोडलं तर तीनवाल्यानं मुकाट्यानं आपले ब्लॉक सोडले आणि चारवाल्याचे घेतले."

"आणि दुकानदाराचे पैसे?"

"वहीतून गेले! व्यवहार पुन्हा वाटच बघत बसला. तेवढ्यात गिऱ्हाइकानं तेच पैसे दुसऱ्याला दिले आणि ती नोंद आधी लागली, तर दुकानदार बसला हात चोळत. म्हणून मोठ्या रकमेला सहा ब्लॉक थांबायची रीत आहे. आपलं सॉफ्टवेअर अशा वेळी 'पैसे मिळाले' असंच दाखवत राहतं की सावध होतं, ते बघायचं होतं त्याला. खऱ्या जाळ्यात हा प्रसंग मुद्दाम घडवून आणणं त्याच्या हातात आहे का?"

"हं. पण लाइटबिल? तसले कॉम्प्युटर मीटर पळवतात म्हणे."

"ते मायनिंगवाले. स्पर्धेत नाणी काढायची तर यंत्रं जाळावी लागतात. नुसत्या नोडला साधा कॉम्प्युटर चालतो. पूर्ण खरी वही ठेवायची तर मात्र डिस्कवर 600 जीबीहून जास्त जागा लागते. जागा नसेल तर प्रूनिंग करतात. सगळी वही एकदा तपासायची आणि जुनी पानं टाकून द्यायची. किमान 550 एमबी ब्लॉक ठेवले तरी चालतं."

"आणि तो दुसरा प्रकार, ईथर?"

"त्यांच्याकडं अ‍ॅन्व्हिल म्हणून सरावाचा नोड आहे. चालू केला की दहा खाती तयार, एकेकात 10,000 ईथर. चाव्यासुद्धा पडद्यावर छापून येतात, आणि कुणीही चालू केला तरी चाव्या त्याच."

"अरे देवा! साऱ्या गावाला एकच किल्ली?"

"सरावात काय बिघडतं? पण त्याच खात्यावर कुणी खऱ्या जाळ्यातले पैसे टाकले, तर टपून बसलेले बॉट तिथल्या तिथं उचलतात. आणि नोडचं दार, 8545 नंबरचा पोर्ट, इंटरनेटवर उघडं टाकायचं नाही. 2018 मध्ये चोरांनी जगभर हाच नंबर ठोठावून बघत लोकांच्या नोडवरचे खरे ईथर लांबवले होते."

"मग सरावावरून थेट खऱ्यात उतरायचं?"

"मध्ये टेस्टनेट आहे. तिथं जगभरचे खरे नोड जोडलेले असतात, उशीर, गर्दी सगळं खरं. फक्त नाण्याला किंमत नाही, मागेल त्याला फुकट देतात. पण तिथंही माणसं आलीच की! गोर्ली नावाचं ईथरचं टेस्टनेट होतं. 2023 च्या सुरुवातीला तिथले फुकटचे ईथर चक्क पैसे घेऊन विकायला लागले. बिटकॉइनच्या जुन्या टेस्टनेटचंही तेच झालं. 2024 मध्ये नवं, चौथं टेस्टनेट आणलं, त्यामागं तेही एक कारण होतं."

"विकले तर विकले, तुमचं काय गेलं?"

"असं कसं काकू? नाण्याला भाव आला की लोक साठवायला लागतात, शिकणाऱ्या पोराला मिळत नाहीत. आणि चूक करायला भीती वाटायला लागली, तर सराव कसला? तिथलं नाणं कवडीमोलच राहायला हवं, त्यातच त्याचा उपयोग आहे."

काकू कुंपणावरची वाळलेली वेल खुडत थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या दहा खात्यांतलं एक माझ्या नावानं दाखवेल का गं तो?"

"दाखवेल की. पण नोड बंद केला की सगळं पुसलं जातं."

"जाऊ दे. जन्मभर दुसऱ्यांचेच मोजले. मोजून होईपर्यंत तेवढा चालू ठेव म्हणावं."