अशील कुठे गेला?

दोन वकील. ती वादीची, तो प्रतिवादीचा. पहिल्या प्रकरणात दोघं भर कोर्टात एकमेकांवर ओरडतात, पाचव्यात पावसात अडकतात, शेवटच्यात लग्न. अशा कादंबऱ्या मी आवडीनं हाती घेतो आणि चिडून मिटतो. चीड प्रेमाची नाही, त्यातल्या वकिलीची येते.

एखाद्या जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्ये मधल्या सुट्टीत डोकावा. सकाळी ज्याच्या साक्षीदाराची उलटतपासणीत पिसं काढली, त्याच्याच डब्यातली भाजी वकीलसाहेब खात असतात. वैर पक्षकारांचं, वकिलांमध्ये असते ती चुरस. म्हणून इथे आधी द्वेष दाखवण्याची गरजच नाही. ही माणसं पहिल्या तारखेपासून एकमेकांचं पाणी जोखत असतात. रात्री त्याची कैफियत वाचताना तिला दिसावं, की वाटणीच्या दाव्यात आपण एका बहिणीला पक्षकार करायचंच विसरलो आणि त्यानं ते नेमकं पकडलं. आधी संताप यावा, मग त्याच परिच्छेदाकडे तिनं पुन्हा वळावं. इथे सुरू झालेलं प्रेम मला पटतं.

पुढची वाट अवघड आहे. अशिलानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 132 तसं बजावतं आणि वकिलाचं काम संपलं तरी हे बंधन सुटत नाही. म्हणजे या दोघांमध्ये एक दार कायमचं बंद. ‘आज काय झालं?’ या साध्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर त्यांना देता येत नाही. आमचे लेखक मात्र त्यांना पहिल्याच कॉफीला खटल्याची चर्चा करायला बसवतात आणि त्याला जवळीक म्हणतात. तो अशिलाचा विश्वासघात आहे.

तहकुबी घ्या. त्याची आई दवाखान्यात, त्याला पुढची तारीख हवी. ती अर्जावर ‘हरकत नाही’ लिहून सही करते. वाचक विरघळतो. पण तिची अशील पहाटेची एसटी पकडून, दिवसाची मजुरी बुडवून मागच्या बाकावर बसली आहे. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. तारखा तरीही पडत राहतात. ही सवलत तिनं एरवी कुठल्याही वकिलाला दिली असती. आता मात्र ती सौजन्यापोटी दिली की प्रेमापोटी, हे तिचं तिलाच सांगता येत नाही. त्या बाईकडे मान वर करून बघणं तिला जड जातं. कादंबरी लिहायची ती इथे.

1949 साली जॉर्ज क्यूकरनं ‘ॲडम्स रिब’ हा चित्रपट काढला. स्पेन्सर ट्रेसी सरकारी वकील, कॅथरिन हेपबर्न त्याची बायको आणि बेइमान नवऱ्यावर गोळी झाडणाऱ्या बाईची वकील. पटकथा रूथ गॉर्डन आणि गार्सन कॅनिन या खऱ्या नवरा-बायकोची. कोर्टात दोघं टेबलाखालून एकमेकांकडे बघून घेतात, पण युक्तिवादात ती तसूभर मागे हटत नाही. तिची अशील सुटते आणि घर मोडायच्या बेतात येतं. नवऱ्यासाठी ती थोडीशी जरी हरली असती, तरी त्या दोघांच्या प्रेमावर माझा विश्वास बसला नसता.

आणि ‘तिनं खटलाच सोडला’ ही पळवाट तर नकोच. तिनं वकीलपत्र सोडलं की मागच्या बाकावरच्या त्या बाईला नवा वकील, नवी फी, आणि वाटणीत भावांनी काय केलं ते पुन्हा पहिल्यापासून एका अनोळखी माणसाला सांगणं. सोडायचंच असेल तर तिनं बाईला समोर बसवावं, खरं कारण सांगावं. तो प्रसंग लिहा. बाई काय म्हणते, ते मला वाचायचं आहे.