रविवारची चकाकी

काळी गाडी घ्यायची, भर उन्हात तापलेल्या बॉनेटवर डिटेलर स्प्रेचा सडा घालायचा आणि जुन्या बनियनने खसाखसा पुसायचं, हा सोसायटीच्या पार्किंगमधला रविवारचा कुळाचार. पट्टे उमटले की दोष बाटलीचा. तापल्या पत्र्यावर फवारा पुसायच्या आतच वाळतो, हे बाटलीवर छापलेलं असतं. पण सूचना वाचायच्या त्या नवशिक्यांनी! सावलीत, गार पत्र्यावर, एका दारापुरते एक-दोन फवारे, मायक्रोफायबरने पुसून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याचा हात, एवढ्यात काम होतं. पण मग बाटली संपत नाही, घाम निघत नाही आणि शेजारीही वळून बघत नाहीत. धूळ न धुताच फवारणाऱ्यांची तऱ्हा आणखी न्यारी. त्यांना पट्टे दिसतच नाहीत; ओरखडेच इतके पडलेले असतात.