भिंतीला पोट

वेलिंग्टन,
रविवार, ९ मार्च २०२५

ती. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण गेल्या तीन महिन्यांत फोनवर तुमचं-माझं धड बोलणं कधी झालं, आठवून बघा. तुम्ही "बरी आहेस ना गं?" विचारता, मी "हो" म्हणते, तेवढ्यात तिकडे बाबा फोन घेतात, इकडे तुमचे चिरंजीव घेतात, आणि पुढचा पाऊण तास नुसती भिंत. म्हणून पाकिटावर मुद्दाम तुमचं एकटीचं नाव घातलंय. बाबांना वाचून दाखवताना गाळायचं ते गाळा.

पहिल्यापासून सांगते. हे घर घेताना तुमच्या चिरंजीवांनी पुढची खिडकी उघडली. समोर अख्खं बंदर, बोटी, पलीकडे डोंगर. मी मागचं दार उघडलं. दारामागे कपडे वाळत घालायची दोरी, आणि दोरीमागे हातभरावर उभा चढ. "जरा उतार आहे," हे म्हणाले. बोईसरला वाढलेल्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची! तिथे चढ म्हणजे स्टेशनचा जिना. डोंगर बघायचा तर मनोरच्या पुढे जव्हारकडे जायचं, तेही पावसाळ्यात भजी खायला. इथे काही लोकांना रस्त्यावरून घरात पोचायला स्वतःची छोटी केबल कार आहे, हे ऐकून तरी शंका यायला हवी होती.

हिवाळ्यात दक्षिणेकडून वारा आणि पाऊस एकदम येतात. आपल्या पालघरच्या जेमतेम निम्मा पाऊस, पण आडवा. मागच्या जुलैत पिवळी चिकणमाती आणि राखाडी खडकाचे तुकडे घसरत दोरीपर्यंत आले. माझ्या दोन कुर्त्या त्यात गेल्या. कुर्त्यांचं दुःख कुणाला नव्हतं, पण मातीचा पुढचा मुक्काम स्वयंपाकघर, हे दिसत होतं. तेव्हा ठरलं, रिटेनिंग वॉल.

शेजारचे आजोबा आयुष्यभर घरं बांधून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं, औषध मुरवलेले लाकडी खांब गाडा, मागे फळ्या ठोका, दोन शनिवारांचं काम. इथे पुष्कळ जण तेच करतात. १८४८ च्या भूकंपात या गावातल्या विटांच्या इमारती पडल्या, तेव्हापासून लोकांचा लाकडावर जीव. ही सूचना रात्री बोईसरला पोचली आणि बाबा उसळले. "लाकडाची भिंत? म्हणजे होळीची तयारी! काँक्रीट घाला. तारापूरचा किल्ला बघा, १७३९ ला पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हापासूनचे तट उभे आहेत!" मी म्हटलं, बाबा, ते तट जाडी आणि वजनावर उभे आहेत. तेवढी जाडी दिली तर आमच्या मागच्या अंगणात भिंतच राहील, अंगण राहणार नाही. तर ते म्हणाले, "मग सळई घाला." म्हणजे काँक्रीट ठरलं.

इथला नियम असा, की दीड मीटरपर्यंत माती अडवायची असेल आणि वर गाडीबिडीचा भार नसेल, तर परवाना लागत नाही. काम मात्र पक्कंच हवं. आम्ही एक मीटर चाळीस ठरवली आणि इंजिनिअरकडून नकाशा काढून घेतला. बाबांचं म्हणणं, दोन मीटर करा, उठून दिसेल. या घरात हिशेब मी ठेवते, म्हणून मी इंजिनिअरलाच विचारलं. उंची दुप्पट केली की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथायची ओढ आठपट. उठून दिसायच्या आधी उठून पडायची.

आणि आई, ही भिंत उभी कशी राहते माहीत आहे? विळीसारखी! पातं उभं, पाट आडवा. पाटावर आपण बसतो म्हणून नारळ खोवताना विळी कलंडत नाही. तसंच भिंतीखाली काँक्रीटचा पाट असतो, तो डोंगराच्या बाजूला मातीखाली जातो आणि त्याच्यावर माती बसते. म्हणजे भिंतीला ढकलते तीही मातीच, आणि पाटावर बसून तिला धरून ठेवते तीही मातीच. असं एखादं माणूस प्रत्येक घरात असतं. (हे गाळा.)

सळया कुठल्या अंगाला घालायच्या, यावर एक रविवार गेला. तुमच्या चिरंजीवांनी पाटातून वर निघणाऱ्या बारा मिलिमीटरच्या सळया पुढच्या, म्हणजे आपल्या अंगाला बांधल्या. का, तर डोंगर ढकलतोय, तेव्हा पुढून टेकू हवा. वाक्य ऐकायला पटतं. पण डोंगराने ढकललं की भिंत पुढे वाकणार, ताण येणार मागच्या अंगाला, आणि काँक्रीटला दाबलेलं चालतं, ताणलेलं चालत नाही. म्हणून मुख्य सळई मातीच्या बाजूला. आजोबांनी कुंपणावरून बघितलं, "शी'ल बी राइट" म्हणाले, म्हणजे "होतंय की." इथली माणसं कशालाही हेच म्हणतात. मग स्वतःच कुंपण ओलांडून आले आणि आमची तार सोडायला लागले.

बाबांचा गणितावर विश्वास बसला तो एका वेगळ्याच कारणाने. मातीच्या रेट्याचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो कूलोमने. हो, तोच, विजेचा कूलोम! फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना हे सगळं त्याच्या डोक्यात आलं, १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे निबंध वाचला. वीज पुढे बारा वर्षांनी. बाबांनी अणुऊर्जा केंद्राच्या इलेक्ट्रिकल विभागात तीस वर्षं काढली, आणि हा माणूस आधी भिंतवाला होता हे त्यांना सत्तरीत कळलं. मिनिटभर फोन गप्प. मग म्हणाले, "आपला माणूस आहे, बरोबरच असणार." त्या दिवसापासून दोन मीटरचा विषय बंद.

आता तुमचं सांगते. २३ जानेवारीला सेंटरिंगचं प्लायवूड उभं झालं. इकडून हे, तिकडून बाबा, फोनवर पाहणी चालू. ओळंबा बघून झाला, तारा मोजून झाल्या, दोघेही खूश. मागून तुमचा आवाज आला, "मागचं पाणी कुठून जाणार?"

आई, त्या क्षणी दोघांची तोंडं बघायला हवी होती. नऊ मीटर लांब भिंत, इंजिनिअरच्या नकाशात भोकं स्पष्ट काढलेली, आणि दोन शिकलेल्या पुरुषांपैकी एकालाही आठवण नाही. तुम्ही केळव्याच्या वाडीत वाढलात, पानमळ्यात पाटाचं पाणी कुठून घ्यायचं आणि कुठून सोडायचं हे बघत. तुम्हाला नकाशा लागला नाही. मी नंतर आकडे मांडले. मागची माती कोरडी असेल तर मीटरभर लांबीवर रेटा साधारण सहाशे किलो. तिथेच पाणी वरपर्यंत तुंबलं तर बाराशेच्या वर. बाबा मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी सांगणारच होतो." (हे गाळू नका. मोठ्याने वाचा.)

मग आजोबांच्या गाडीतून जाऊन दोन इंची पाइपचे तुकडे आणले आणि सेंटरिंगच्या तळाशी बसवले. माती भरताना भिंतीमागे भोकांचा पाइप कापडात गुंडाळून घातला आणि वर खडी. खडी इथली राखाडी. नागझरीच्या खदानीतल्या काळ्या खडीसारखी नाही, असं बाबांनी फोनवर बघून सांगितलं.

२५ जानेवारी, शनिवार, सकाळी आठ. बोईसरला रात्रीचे साडेबारा. तुम्ही झोपला होतात, बाबा स्वेटर घालून बसले होते. जानेवारीत बोईसरला स्वेटर! काँक्रीटची गाडी वर चढू शकत नाही, म्हणून पंपाने पाइपमधून माल. आधी यांचा विचार दुकानातून तयार मिश्रणाच्या पंचवीस किलोच्या पिशव्या आणून घरी कालवायचा होता. पाया धरून चारशेच्या आसपास पिशव्या झाल्या असत्या. त्या पायऱ्यांवरून कोण वाहणार, हे मी विचारलं म्हणून गाडी आली.

ओलं काँक्रीट पाण्यासारखं सगळीकडे दाबतं, वजन मात्र पाण्याच्या जवळजवळ अडीचपट. प्लायवूडवर मीटरमागे सव्वादोन टनांहून जास्त. हे कळायला पाहिजे होतं, पण टेकू मधल्या भागात दोन कमी पडले. निम्मी भिंत भरली आणि प्लायवूड कुरकुरलं. "व्हायब्रेटर थांबवा!" बाबा इतक्या जोरात ओरडले, की पंपवाला मुलगा मराठी न येता थांबला. आजोबा, मी, हे, तिघांनी फळ्या लावल्या, खुंट्या ठोकल्या. तुमची नात फोन धरून उभी, बाबांना दाखवत, "आजोबा, भिंतीला पोट आलं." आलंच होतं. साधारण दोन बोटं, बरोबर मध्ये. पडायचं बिलकूल नाही, पण दिसतं. आता आमच्या घरात पोट सुटलेले दोघे. (पहिलं कोण, हे गाळा.)

पुढे सात दिवस पाणी मारणं. इथला वारा काँक्रीट भराभर सुकवतो. बाबा म्हणाले, गोणपाट टाका. गोणपाट इथे आणायचं कुठून? माझ्या चार चादरी गेल्या. अठ्ठावीस दिवस पुरे झाल्यावर थराथराने चोपून माती भरली. खर्चाचा आकडा बाबांना सांगू नका, मीही अजून नीट बघितलेला नाही.

मध्ये एकदा पहाटे जमीन हलली. छोटाच धक्का होता, ताटं वाजली एवढंच. हे अंथरुणातून उठून आधी भिंत बघायला पळाले, मग मुलीला. मला तुमची आठवण झाली. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे हादरे सुरू झाले तेव्हा आम्ही इथून तुम्हाला फोन करायचो, शाळा तंबूत भरतात म्हणून काळजी करायचो. आता धक्का बसला की तुम्ही करता. फोनचं बिल तेवढंच आहे.

गेल्या मंगळवारी पहिला मोठा पाऊस आला. मी रेनकोट घालून मागे उभी राहिले. दहा मिनिटं काही नाही. मग एका पाइपातून गढूळ धार, मग दुसऱ्यातून, आणि अर्ध्या तासाने सगळ्यांतून स्वच्छ पाणी. हे मला बोलवायला आले आणि तेही तिथेच उभे राहिले. "आईने विचारलं नसतं तर," एवढंच म्हणाले. हे वाक्य त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

तुम्ही मे महिन्यात येताय, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या देशात बाहेरची माती चिमूटभर आणलेली चालत नाही. चपलेच्या तळाला लागलेलीसुद्धा अर्जावर लिहावी लागते, लपवली तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड. तेव्हा चपला, बूट, सगळं घासून धुऊन आणा. चिकू, पान आणि सातपाटीचे बोंबील यांचा विचार सोडा. बाबांना त्यांचा पितळी ओळंबा आणायचाच असेल, तर तोही कपड्यांच्या सामानात घालून, दोरीसकट धुऊन. पोट मोजायचंय त्यांना, हे मला माहीत आहे.

सौ. सुनेचा
सा. न.